गिलाव्याखालची ओळ

बँकेच्या मोजणीवाल्याने खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं मोजलं. त्याच्याकडे टेप नव्हती. हातातलं छोटं यंत्र एका भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा, की माप तयार. चाळीस वर्षं मी गवंडीकाम केलं, दोरी धरायला कायम दुसरा माणूस लागला. मला त्या यंत्राचा हेवा वाटला. मग तो जिना चढून वरच्या खोलीच्या दारात आला आणि त्याने यंत्र खिशात टाकलं.

"ही नकाशात नाही," तो म्हणाला.

"नकाशात नसेल, पण इथं आहे ना. पाय ठेवून बघा, खाली नाही जाणार."

तो हसला. माणूस भला होता. "काका, मला दिसतेय हो. बँकेला डोळे नसतात, कागद असतात." मग खिडकीपाशी जाऊन वाकला. "ही एवढी खाली का घेतली? गवंडी चुकला वाटतं."

"चुकला," मी म्हणालो.

गवंडी मीच. खिडकी पलंगाच्या उंचीला घेतली होती, कुशीवर झोपलेल्या माणसाला रस्ता दिसावा म्हणून.

माझी बायको आजारी पडली तेव्हा आम्ही खालच्या मागच्या खोलीत झोपायचो. तिथे दिवसाही दिवा लागायचा. डॉक्टर म्हणाले, उजेड हवा, वारा हवा. मी कुणाला न विचारता गच्चीवर चार भिंती उभ्या केल्या आणि वर पत्रे टाकले. परवानगी वगैरे माझ्या डोक्यातही आलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्या बांधल्या, परवानगीचं ते बघायचे.

उपचार दोन वर्षं चालले. इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी. मुलगा दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड टेकवायचा, यंत्र कुईं करायचं आणि आत जायला मिळायचं. ती म्हणायची, "मी आता त्या कुईंवर जगतेय." आधी एक कार्ड होतं, मग दोन, मग चार. एकाचं बिल दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्या घरात अंथरूण तिचं होतं आणि तिला पाय पसरता येत नव्हते. तेव्हा हिशेब कुणी बघायचा?

ती गेली त्याला दीड वर्ष झालं. कार्डं राहिली. मुलाचा अर्धा पगार नुसत्या व्याजात जायचा. फोन वाजला की तो उठून बाहेर जायचा, आणि आत आला की सूनबाई त्याच्याकडे न बघता विचारायची, "कितवं?" तो म्हणायचा, "तिसरं." म्हणजे तिसऱ्या कार्डवाल्याचा फोन.

शेवटी त्याने मला समोर बसवलं. घरावर जुनं कर्ज आहेच, बँक त्याच्यावरच वाढवून देतेय, त्यातून चारी कार्डं फेडून बंद करायची.

"म्हणजे आगीतून फुफाट्यात," मी म्हणालो.

"नाही बाबा. कार्डाचं व्याज महिन्याला धावतं, घराचं वर्षाला चालतं. हप्ता निम्म्यावर येईल."

"आणि किती वर्षं?"

"अठरा."

"म्हणजे मी एकोणनव्वदचा होईन."

"मग शेवटचा हप्ता तुम्हीच भरायला या," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला. त्या हसण्यावरच मी हो म्हणालो.

मोजणीवाल्याचा कागद आठ दिवसांनी आला. वरचं बांधकाम मंजूर नाही. ते काढून फोटो पाठवा, महिनाअखेरपर्यंत, नाहीतर फाईल बंद. मुलाने कागद तीनदा वाचला. माझ्याकडे दिला नाही. आईची खोली आहे हे त्यालाही माहीत होतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "दुसरं काहीतरी बघू."

"काय बघशील? पाचवं कार्ड?"

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मी बांधली, मीच पाडतो," मी म्हणालो. "मजूर नको, उगाच खर्च. वीस दिवस आहेत."

त्याला एक गोष्ट मी सांगितली नाही, तेव्हाही नाही आणि त्याआधीही नाही.

खोली बांधत होतो तेव्हा तिला अजून बसवत होतं. उपड्या बादलीवर बसून ती माझं काम बघायची. मला अक्षर येत नव्हतं, तिला येत होतं. आमच्या लग्नात एवढंच विजोड होतं. एक दिवस म्हणाली, "माझ्या औषधांची नावं वाचायला तरी शिका. नाहीतर मला पोटदुखीचं देऊन मोकळे व्हाल." गिलाव्याचा पहिला हात ओला असताना त्यावर खिळ्याने ओरखडे काढतात, म्हणजे दुसरा हात धरतो. ती म्हणाली, ओरखडेच काढायचेत ना, मग अक्षरं काढा. मी पलंगाकडच्या भिंतीवर अक्षरं काढली. ती बादलीवरून ओरडायची, "अहो, त्याला पोट द्या, उपाशी दिसतंय."

भिंत संपत आली तेव्हा तिने माझ्या हातातून खिळा घेतला आणि कोपऱ्यापासून एक लांब ओळ लिहिली. मधे दोनदा दम खायला थांबली.

"काय लिहिलंस?"

"शिका आणि वाचा. आयतं मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपलेली होती. माल कालवून तयार होता, आणि कालवलेला माल थांबत नाही. मी दुसरा हात फिरवला. ती वर आली, भिंत बघितली आणि हसली.

"झाकलंत? आता पाडाल तेव्हाच वाचाल."

"माझी भिंत पडत नाही."

"मग राहिलं."

नंतर मी पुष्कळदा विचारलं. जोडाक्षरं झाली की सांगते म्हणायची. आम्ही जोडाक्षरांपर्यंत पोचलो नाही. जोडाक्षरं मला पुढे सूनबाईने शिकवली, वर्तमानपत्रावरून.

ती गेल्यावर छिन्नी घेऊन मी दोनदा त्या भिंतीसमोर उभा राहिलो. दोन्ही वेळा परत आलो. चांगला गिलावा फोडवत नाही, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं असं की, जोवर ती ओळ तिथे होती तोवर तिचं माझ्याशी काहीतरी बोलायचं बाकी होतं.

आता ती वाचायला मिळणार होती. मी घाई केली नाही. आधी पत्रे उतरवले, मग दार आणि खिडकीची चौकट, मग रस्त्याकडची भिंत, वीट वीट साफ करून. पलंगाकडची भिंत शेवटी ठेवली. तिथला वरचा हात पातळ छिन्नीने पापुद्र्यासारखा काढायचा, एवढं मनात ठरलेलं होतं. बाराव्या दिवशी एक वीट अंगठ्यावर पडली. मुलाने फडकं बांधलं. नख काळं झालेलं बघत बसला. "बाबा, पुरे करा आता," म्हणाला. मी म्हणालो, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी मला कचेरीत जावं लागलं. जुन्या कर्जाच्या कागदावर माझा अंगठा होता, आता नव्यावर मी सही केलेली. अंगठेवाला आणि सहीवाला एकच आहे असं शपथेवर लिहून द्यायचं होतं. दिवसभर रांगेत बसलो. तिथल्या कारकुनाने काळा अंगठा बघून विचारलं, "शाई आधीच लावून आलात का?" मी सही केली. हळू केली, पण सरळ केली. मनात तिला म्हटलं, उद्या तुझीही ओळ वाचतो.

परत आलो तेव्हा गल्लीत धूळ होती. दाराशी राडारोड्याचा ढीग होता. ब्रेकर मशीनची तार गुंडाळत दोन माणसं निघालेली. मुलगा जिन्यात उभा होता, भुवयांपर्यंत पांढरा.

"झालं बाबा," तो म्हणाला. "सुट्टी टाकली आज. तुम्हाला आता काही करायला नको. फोटोही पाठवले. त्यांनी सांगितलं, फाईल पुढे गेली."

मी वर गेलो. गच्ची स्वच्छ होती. चारी बाजूंना आभाळ. पलंग होता तिथे त्याच्या चार पायांच्या खुणा तेवढ्या होत्या.

खाली आलो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. चार कार्डांचं ओझं इतकी वर्षं त्याने एकट्याने वाहिलेलं, आईसाठी. त्यावर हे आणखी कुठे ठेवू?

"चांगलं काम झालं," मी म्हणालो. "कडा नीट मारल्यात."

तो आत हातपाय धुवायला गेला. मी ढिगाशी बसलो. मशीनने मारलेल्या भिंतीचं काय राहतं? मूठभर, बोटभर, बरीचशी भुकटी. एक एक ढेपळ उलटं करून बघत गेलो. माझी अक्षरं सापडली, पोट नसलेली. ती बरीच शाबूत होती. तिच्या हाताचं एकच ढेपळ मिळालं, तळहाताएवढं. त्यावर पुरता एक शब्द होता, 'उद्या'. पुढचं आणि मागचं तुटलेलं. उद्या काय? उद्या दूध आणा, असंही असेल. ती तशी होती. ते ढेपळ मी कोटाच्या खिशात ठेवलं आणि पुन्हा उलटायला लागलो. सकाळी ढीग उचलायला गाडी येणार होती.

मुलगा ओल्या हातांनी बाहेर आला.

"काय शोधताय?"

"थापी," मी म्हणालो. "या ढिगात गेली वाटतं."

माझी थापी दाराच्या आतल्या खिळ्याला लटकलेली होती, नेहमीसारखी. तो दारातच उभा होता, ती त्याच्या खांद्याला लागत होती. त्याने वळून तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या तुकड्याकडे, माझ्या खिशाकडे.

"मी पण बघतो," तो म्हणाला.

पँट वर सारून तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. एक तुकडा उचलला, फिरवून दोन्ही बाजूंनी बघितला आणि हळूच बाजूला ठेवला. मग दुसरा उचलला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं थापी शोधत होतो.