सगळंच ‘आधी’ लिहिलेला फळा

मी एक जुना फळा आहे. माझ्या जन्माचं साल मला आकड्यात सांगता येत नाही. भाऊजीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, आणि घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवायला जुनं टेबल पुरेना, त्या वर्षी सुताराने मला घडवलं. म्हणजे मित्रांनो, मी जन्मतः फळा नव्हे. मी शिंप्याच्या कापायच्या टेबलाची फळी.

भाऊजी म्हणजे तो शिंपी. पुष्कळ वर्षं त्याने माझ्यावर कापड पसरलं, खडूने रेघा ओढल्या आणि कात्री चालवली. त्या कात्रीचे ओरखडे अजून माझ्या पाठीवर आहेत. बाही कोणती, गळा कोणता, हे मी नुसत्या रेघेवरून ओळखायचो. अक्षर मात्र मला एकही येत नव्हतं. गिऱ्हाइकं माझ्यावर हात फिरवून म्हणायची, टेबल असावं तर असं. मग भाऊजीची नजर मंदावली, दुकान बंद झालं आणि मला दाराआड उभं केलं. माझ्या अंगाला झाडू टेकायचा, ओल्या छत्र्या टेकायच्या. तिथे मी किती काळ होतो ते विचारू नका. विसरलेल्या वस्तूला काळ मोजायचं कारण उरत नाही.

मला बाहेर काढलं ते भाऊजीच्या बायकोने. ती पाट्या डिझाइन करायची. मोठ्या इमारतीत कुठे वळायचं, कुठून चढायचं, हे सांगणाऱ्या पाट्या. आधी ती एका कंपनीत होती. तिथले मालक ती बोलत असतानाच फळ्यावरच्या तिच्या चित्रावरून हाताचा पंजा फिरवून ते पुसून टाकायचे. एक दिवस ती उठली आणि परत गेली नाही. तिच्यामागोमाग आणखी चार-पाच जण आले, आणि त्यांनी स्वतःची एजन्सी काढली. त्या एजन्सीला ना साहेब, ना कचेरी. प्रत्येकजण आपापल्या गावात, आपापल्या घरी. सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून शिंपी झाला भाऊजी. तो म्हणायचा, “लग्नात मला एक मेव्हणा मिळाला नाही, आता गावोगाव पसरलेत. आणि एकही कामाचा नाही.”

भाऊजीने माझ्या एका अंगावर पांढरा गुळगुळीत पत्रा ठोकला आणि मला पुढच्या खोलीच्या भिंतीवर चढवलं. ज्या वयात इतर लाकडं चुलीत जातात, त्या वयात मी अक्षरं शिकलो. पहिलं कळलं ते ‘प’, कारण पाटी, पत्ता, पायऱ्या हे शब्द ताई रोज लिहायच्या. जोडाक्षरांनी फार दमवलं. पण शिकलो.

आमच्याकडे एक नियम होता. ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. दुसऱ्याच्या अक्षराला कुणी हात लावायचा नाही. ताईंनी तो का केला असेल, हे तुम्हाला कळलंच असेल. सगळे वर्षातून एकदा ताईंच्या घरी जमायचे, धंद्यातली मोठी परिषद संपली की दुसऱ्या दिवशी. वर्षभर काय करायचं ते माझ्यावर लिहायचे, फोटो काढायचे आणि घरी जायचे. पुढे वर्षभर तो फोटोच त्यांचा साहेब.

ज्या वर्षाचं मी सांगतो आहे, त्या वर्षी ताईंच्या हातात एकच मोठं काम होतं. गावातला दवाखाना नव्या, तीन अंगांच्या इमारतीत जाणार होता आणि त्याच्या पाट्या करायच्या होत्या. ताईंनी तिथल्या मेट्रनबाईंना शब्द दिला होता. माझ्या मधोमध त्यांनी लिहिलं, ‘दवाखाना’.

मग परिषदेहून मंडळी आली. गळ्यातली ओळखपत्रंसुद्धा काढायची राहिली होती. एका जागी न बसणारी म्हणून जिला सगळे भिंगरी म्हणत, तिने लिहिलं, ‘यंत्राकडून चित्रं काढून घेणे – आधी.’ सगळ्यांत लहान असून वाकून चालतो म्हणून ज्याला आजोबा म्हणत, त्याने लिहिलं, ‘आपलं बोधचिन्ह बदलणे – आधी.’ कुणी बक्षिसाचा अर्ज, कुणी बोलणाऱ्या पडद्यांचा अभ्यास. प्रत्येकाची शाई वेगळी, पण प्रत्येकाचं ‘आधी’. माझ्या अंगावर ‘नंतर’ हा शब्द कुठेच नव्हता. सगळं अंग भरलं होतं, आणि एवढं ओझं मी ठाणच्या ठाण कापडाचंही कधी सोसलं नव्हतं.

दिवसभर वाद झाला. कुणी स्वतःचं पुसेना, आणि दुसऱ्याचं पुसायला मनाई. संध्याकाळी ताई उठल्या, फडकं ओलं केलं आणि ‘दवाखाना’ पुसला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, दवाखान्याला शब्द दिलाय हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे; आपण पहिलं पुसलं की बाकीचे ओळीने पुसतील. मग भिंगरीने फोटो काढला, आणि मंडळी गाडी चुकेल म्हणून निघाली.

पुढच्याच आठवड्यात ताईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्या नवीन इमारतीतच; दवाखाना तोवर पाट्यांविनाच तिथे हलला होता. ते मला भाऊजी फोनवर बहिणीला सांगत होता तेव्हा कळलं. पाट्यांऐवजी भिंतींना चिकटवलेले कागद गळून पडलेले, आणि ट्रॉली ढकलणाऱ्यालाच वाट सापडेना. त्याही अवस्थेत ताई मेट्रनबाईंना म्हणाल्या म्हणे, काळजी करू नका, आमची मंडळी लागलीत कामाला.

बरेच दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग ताई काठी धरून आल्या, माझ्यासमोर फोन उभा केला आणि सगळ्यांची तोंडं पडद्यावर आली. तब्येतीची चौकशी झाली. ताईंनी विचारलं, पाट्या कुठवर आल्या?

आजोबा म्हणाला, “ताई, ते तर तुम्हीच पुसलंत ना. आम्ही समजलो, काम गेलं.”

“अरे, मी तुम्हाला वाट करून दिली होती. तुम्ही पाठोपाठ याल म्हणून.”

“मग आमचं पुसून टाका की. तुम्ही समोरच आहात.”

“मी नाही हो आजोबा. ज्याचं त्याने.”

स्वयंपाकघरातून भाऊजी म्हणाला, आणा, मी पुसतो, माझं एकही अक्षर नाही त्यात. ताईंनी मान हलवली आणि खुर्चीत बसल्या. पडदा विझल्यावरही त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. नुसत्या दमल्या होत्या.

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीने भिंगरी आली. चप्पल काढली, आपली ओळ पुसली आणि तशीच उभी राहिली. मग आजोबा आला. मग बाकीचे, ज्याला जसं जमेल तसे. एकजण आलाच नाही. त्याने पुढे कामही सोडलं. त्याचं हिरवं ‘आधी’ अजून माझ्या कोपऱ्यात आहे, कारण नियम म्हणजे नियम. मोकळ्या झालेल्या जागेत भिंगरीने ‘दवाखाना’ लिहिलं. ताई म्हणाल्या, “आता हे पुसायचं तुझ्याकडे. काम झाल्यावर.”

पाट्या उशिरा लागल्या, पण लागल्या. त्या कशा दिसतात ते मी पाहिलेलं नाही. फळा भिंत सोडून कुठे जाणार?

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझा पत्रा कडेला उचकटतो आहे. तुमच्याकडे एवढंच मागतो. माझ्यासारख्या फळ्यावर सुकलेली शाई नखाने खरवडू नका, ओल्या फडक्याने हलकेच पुसा. मावतं म्हणून सगळं लिहू नका. आणि एखादं काम सोडायचं असेल किंवा धरायचं असेल, तर ते तोंडाने सांगा. तुमच्या मनातलं फोटोत उतरत नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात ताईंचं दुखणं पुन्हा बळावलं. त्यांना शेवटचं भेटायला मंडळी वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या गाड्यांनी आली, आणि दवाखान्यात खोली कुठे आहे हे एकालाही विचारावं लागलं नाही. ताई त्याच हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, वारल्या.