सीपीचं शेवटचं पिंप

ही गोष्ट सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये, माझ्या सख्ख्या आईनं माझ्या एका शब्दावर शेवटपर्यंत ठेवला नाही. पण भाचीचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला आला होता, चहा पुढ्यात होता, आणि त्यानं आपण होऊन विचारलं, "मामा, बाबांच्या कारखान्याचं शेवटी झालं काय? घरात कुणी बोलतच नाही."

बाबा म्हणजे आमचे भाऊजी. ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताईनं मला डोळ्यांनी दटावलं. सांग, असा मी त्याचा अर्थ घेतला.

"जावईबापू, कारखाना कसला, एक पत्र्याची शेड आणि एक यंत्र. एका तोंडानं प्लास्टिकची पूड आणि तेल खायचं, दुसऱ्या तोंडानं बागेला पाणी घालायची नळी ओकायची. भाऊजींनी त्याला ताईपेक्षा जास्त जपलं."

"जपणारच," ताई म्हणाली. "ते उलटून बोलायचं नाही."

"तर नळी मऊ राहायला तेल लागतं. चांगलं तेल महाग. म्हणून त्यात थोडं क्लोरिनेटेड पॅराफिन मिसळतात. बाजारात त्याला नुसतं सीपी म्हणतात. बेतानं घातलं तर गुण देतं, हात सैल सुटला तर नळीला घाम फुटतो. भाऊजींचं 'थोडं' वाढत गेलं. एक दिवस रोपवाटिकेचा मालक सगळी वेटोळी परत घेऊन दारात उभा. त्याच्या माळ्याच्या हाताला नळी अशी चिकटली होती, की तो जेवायलाही तिला शेजारी घेऊन बसायचा."

जावई हसला. भाचीनं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं कप तोंडाला लावला.

"मालक म्हणाला, आणखी एकदा बनवून द्या. जमलं तर पुढचं सगळं काम तुमचं, नाही तर मला दुसरीकडे जाऊ द्या. दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ही खेप बिघडली तर यंत्र भंगारात, हे शेडमधल्या उंदरांनाही कळलं होतं. त्यांनी सामान बांधायला घेतलं. म्हणून या वेळी सीपी अगदी एक नंबर हवं होतं. भाऊजी मला म्हणाले, तूच जा. तुला कोण फसवणार, तूच जगाला फसवत आलायस."

"हे मात्र ते खरंच म्हणाले होते," ताई म्हणाली.

"भाऊजींचा एक नेम होता. काचनळीत थोडं सीपी घ्यायचं आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. पाण्यासारखं राहिलं तर घ्यायचं. चहासारखं झालं तर दुकानदाराला नमस्कार करून निघायचं. कारण यंत्राच्या पोटात तेच होणार. वाईट सीपी तापलं की त्यातून आम्ल सुटतं, नळी करपते, पोलाद कुरतडलं जातं. पण सीपी मिळतं त्या रसायनांच्या गल्लीत काडी ओढायला बंदी. तिथली रीत निराळी. पिंपात सळई बुडवायची, उचलायची आणि धार कुठवर तुटत नाही ते बघायचं. धार लांब तितका माल चांगला, असं अख्खी गल्ली धरून चालते. मीही धरलं. सळई उचलली, धार तुटेना. स्टुलावर चढलो, तुटेना. दुकानाच्या माळ्यावर गेलो, तरी तुटेना. एक माशी खालून धारेवर चालत वर आली, तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आल्या वाटेनं उतरून गेली."

"काही बोलली नाही?" ताईनं विचारलं.

"घाईत होती. तेवढ्यात केबलच्या मोठ्या कारखान्याचा माणूस आला आणि बाकीची सगळी पिंपं घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, काका, हे शेवटचं. पुढची गाडी कधी येईल, भरवसा नाही. मी म्हटलं, चढवा. सीपी पाण्याहून जड. टेम्पोची पुढची चाकं जी उचलली गेली, ती शेडच्या दारात टेकली. वाटेत ड्रायव्हर समोरून येणाऱ्या पाखरांना हॉर्न देत होता."

"मग तापवून पाहिलंत?" जावयानं विचारलं. पोरगा हुशार. माशीवर न अडकता थेट दिव्यापाशी आला.

"पाहिलं की. भाऊजींनी दिवा लावला. काचनळी ज्योतीवर धरली. आम्ही दोघंही बघत उभे."

आतली खाट करकरली. ताईनं कपबशा गोळा करायला घेतल्या होत्या, त्या तशाच हातात राहिल्या.

"आणि?"

"आणि काय, पाण्यासारखं. काचनळीतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. भाऊजींनी तेल ओतलं, यंत्र सुरू केलं, आणि नळी अशी मऊ निघाली, की रोपवाटिकेच्या मालकानं ती मफलरसारखी गळ्यात गुंडाळून घरी नेली. बायको म्हणाली, मलाही एक आणा. तेव्हापासून काम इतकं वाढलंय, की भाऊजी जरा दमलेत. म्हणून पडलेत. चार दिवसांनी उठतील, आणि यंत्राला पुन्हा..."

"खोटं."

भाऊजी चौकटीला धरून उभे होते. किती दिवसांनी ते उठले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, जावयाकडेच बघत होते.

"काचनळीतलं सीपी काळं पडलं होतं. हा म्हणाला, परत नेतो. मीच म्हटलं, परत नेऊन दुसरं आणणार कुठून? बघून, समजून, माझ्या हातांनी ओतलं मी. नळी करपली. यंत्राचा आतला दांडा गंजून गेला. जावईबापू, शेडमध्ये आता यंत्र नाही. जमिनीत त्याचे बोल्ट आहेत, ते भंगारवाल्याला निघाले नाहीत."