साडेदहाचा फोन

सर्जेराव लाईनमननं चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही खोटा ओके दिला नाही, हे दिंद्रुडात कुणालाही विचारा. बाकीचे लाईनमन ऊन लागलं की झाडाखाली बसायचे, डायरीत ‘फॉल्ट निघाला’ असं लिहून मोकळे व्हायचे, आणि गिऱ्हाईक बसायचं मुक्या फोनला कान लावून. सर्जेरावाचं तसं नव्हतं. पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हटल्याशिवाय त्याची पेन्सिल खिशातून निघायची नाही. साहेब लोक चिडायचे, हा माणूस तक्रारी तुंबवतो म्हणायचे. तुंबू द्या की! माणसाचा शब्द तारेतून जातो का नाही ते बघायचा पगार होता तो, कागद काळे करायचा नव्हता.

आता सन दोन हजार दहा उजाडलं होतं आणि त्या तारांना कुत्रं विचारत नव्हतं. एकेकाळी याच गावात फोनसाठी नंबर लावून पाच-पाच वर्षं बसावं लागायचं. मग मोबाईलचे टॉवर आले, आणि ज्यांनी पेढे वाटून फोन घेतले होते त्यांनीच ते परत नेऊन दिले. तीनशेच्या वर जोडण्या होत्या, तीसेक उरल्या. त्यातली एक सर्जेरावाची, त्यानं स्वतःच्या हातानं ओढलेली. ती त्यानं ठेवली ती पोरीपायी.

पोरगी एकच, चैताली. शिकली, इंजिनिअर झाली, जर्मनीत नोकरीला लागली. गावच्या जयंतीला तिच्या नावाचा सत्कार झाला तेव्हा भामाबाई, तिची आई, पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसत होती. त्या भामाबाईला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. नोव्हेंबर महिना होता. सर्जेराव बीडला बँकेत पेन्शनीचा हयातीचा दाखला द्यायला गेला होता. इकडं अकराच्या सुमाराला भामाबाई न्हाणीत पडली. तो पाचच्या एसटीनं घरी आला तोवर ती तिथंच होती. कुणाला पत्ता नाही. मी तिकडं जित्ता हाय म्हणून सही करीत होतो, असं तो मातीच्या दिवशी एकदा बोलला, पुन्हा कधी नाही.

त्यानंतर चैतालीनं एक नेम धरला. रोज सकाळी साडेदहाला, म्हणजे तिच्याकडं सहा वाजता, फोन. उठलात का, चहा झाला का, गोळी घेतली का. तीन मिनिटांचा कारभार, पण सर्जेराव दुसरा चहा त्यासाठी राखून ठेवायचा. आणि रविवारी चार वाजता कॉम्प्युटरवर, समोरासमोर चेहरा बघून, चांगला तासभर. एवढ्यावर त्याचा आठवडा उभा होता. बाकी दिवसभर त्या घरात भांडं पडलं तरी दचकायला होई, इतकं ते गप्प होतं.

ऑक्टोबरात ती तीन आठवड्यांची रजा घेऊन आली. येताना एक राउटर घेऊन आली, दोन शिंगांची निळी डबी. दोन दिवस मांडी घालून तिनं त्या डबीत आपल्या पदरच्या स्क्रिप्ट घातल्या. स्क्रिप्ट म्हणजे डबीला लिहून दिलेली कामं, बाबा, असं तिनं समजावलं, आणि चारी कामं त्याच्या जुन्या फॉल्ट-डायरीत लिहून दिली. एक जाहिराती अडवणारी. दुसरी, बोलणं चालू असलं की त्याला आधी वाट देणारी. तिसरी वाईट साईट बंद करणारी. चौथी महिन्याचा वापर मोजणारी. कुठलं पान उघडायचं, कुठली खूण काढली की कुठलं काम बंद होतं, तेही लिहिलं. मग ती गेली.

ती गेली आणि साडेदहाचा फोन विरळ झाला. आधी दिवसाआड, मग आठवड्यात एकदा, आणि संक्रांतीपर्यंत बंदच. तिला काम असंल, सर्जेराव स्वतःला सांगायचा. शेजारच्या बायडाबाईनं विचारलं तर तिलाही हेच सांगायचा. दुसरा चहा मात्र तो करीतच राहिला.

बरं, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं रविवारचंही बिनसलं. चित्र अडकायला लागलं. चैतालीचं तोंड उघडं राहायचं ते राहायचंच, आवाज तुटका-तुटका, निम्मे शब्द वाटेत गळालेले. मग ती म्हणायची, बाबा, नेट बरोबर नाही, पुढच्या रविवारी बघू. तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्याची दहा मिनिटं. गेल्या रविवारी सर्जेरावानं घड्याळ लावून बघितलं, सहा मिनिटं. त्या दिवशी त्याला खरी भीती वाटली. रोजचा फोन गेला तसा हा रविवारही एक दिवस गुपचूप निघून जाईल, आणि मग या घरात कुणाचाच आवाज येणार नाही. पुढच्या रविवारच्या आत हा फॉल्ट काढायचा, असं त्यानं ठरवलं.

लाईनमनच तो, त्यानं संशय धरला लाईनवर! नेटही फोनच्याच तारेतून यायचं. जन्मभर फॉल्ट जोडावरच सापडलेला. सोमवारी सकाळी कमरेला जुनी पिशवी बांधली आणि घरापासून एक्स्चेंजपर्यंतचा एकूणएक जोड उघडून, घासून, पुन्हा आवळला. शेवटचा जोड बायडाबाईच्या भिंतीवर होता. त्रेसष्ट वर्षांचं हे म्हातारं भिंतीवर चढलेलं बघून ती अंगणातून कडाडली, “उतर की खाली! पडून मेलास तर पोरीला कोण कळवील?” सर्जेराव जोड पक्का करूनच उतरला.

वेग मोजायची त्याची आपली एक तऱ्हा होती. चैतालीनं मेलवर बर्फातले फोटो पाठवले होते. त्यातला एक उघडायचा आणि मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायचे. फोटो वरून खाली यायचा. आधी पांढरं आभाळ, मग लोकरीची टोपी, मग कपाळ, मग डोळे. पूर्वी हनुवटीपर्यंत यायला दहा सेकंद लागत. जोड घासून झाल्यावर त्यानं मोजलं, एक्केचाळीस. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यानं. दिवसभर उन्हात फिरून तार धुतली, आणि चोर बसला होता घरात, कोनाड्यातल्या डबीत.

तेव्हा त्याला त्याच्या पहिल्या मिस्त्रीची शिकवण आठवली. लांब लाईन असली आणि फॉल्ट कुठं ते कळत नसलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळू नये. मधोमध उभं राहून लाईन तोडावी आणि दोन्हीकडं वाजवून बघावं. जी बाजू मुकी, तिचे पुन्हा दोन भाग. मंगळवारी सकाळी त्यानं चष्मा पुसला, डायरी मांडीवर घेतली आणि डबीचं पान उघडलं.

डायरीत कामं चार होती. पानावर पाच निघाली. पाचव्याचं नाव इंग्रजीत तीनच अक्षरांचं होतं. ए, ए, आय. आई.

सर्जेरावानं चष्मा काढून पुन्हा पुसला. मग त्यानं आपलं काम सुरू केलं, कारण कामाला हात घातला की अर्धवट सोडायची सवय नव्हती. वरची दोन बंद केली. फोटो चाळीस सेकंद. पुढची दोन बंद केली. एकोणचाळीस. मग ‘आई’ बंद केली, आणि आभाळ, टोपी, कपाळ, डोळे, हनुवटी, सगळं अकरा सेकंदांत समोर. मिस्त्रीची दुसरी शिकवण अशी की काढलेला फॉल्ट परत घालून बघावा, परत त्रास झाला तरच तो फॉल्ट. त्यानं ‘आई’ पुन्हा चालू केली. एकोणचाळीस.

स्टँडजवळ अमरनाथचं झेरॉक्सचं आणि कॉम्प्युटर क्लासचं दुकान होतं. शिवलिंगप्पा वाण्याचा थोरला, चाळिशीचा, गावात या विषयातला तोच काय तो जाणता. सर्जेरावानं त्याला घरी आणलं. अमरनाथनं ती पाचवी स्क्रिप्ट उघडून वाचली, मान हलवली आणि समजावून सांगायला लागला. हे काम दर मिनिटाला बघतं की तुमचा कॉम्प्युटर चालू हाय का, रातचा बंद केलेला तुमचा मोबाईल सकाळी घरातल्या वायफायवर आला का. बघितलं की नोंद करतं. ऑक्टोबरापासून नोंदी साचल्यात, डबी पार फुगलीय, आणि दर मिनिटाला ती सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचती. म्हणून तिला दुसरं काही सुचत नाही.

“आन् नोंदी कशापायी?” सर्जेरावानं विचारलं.

रोज सकाळी दहाला डबी चैतालीला मेल धाडते, अमरनाथ म्हणाला. बाबा उठले, एवढाच मजकूर. नोंद दिसली नाही तर मेल जात नाही, आणि मेल गेला नाही की तिनं समजायचं. मग त्यानं पान वर सरकवलं. वरती एक ओळ होती, मशीनसाठी नसलेली, लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी लिहून ठेवलेली. ती त्यानं हळू आवाजात वाचली. “आईच्या वेळी कुणाला कळलं नाही. पुन्हा असं नको.”

कोनाड्यात डबीचे दिवे लुकलुकत होते. सर्जेराव म्हणाला, “म्हंजी ह्यो माजा रोजचा हयातीचा दाखला हाय.”

अमरनाथ हसला. काका, नशीबवान हात तुमी, म्हणाला, कोण करतं एवढं आजकाल. आणि इलाज तर पाच मिनिटांचा हाय. जुन्या नोंदी पुसायच्या, फक्त दोन दिवसांच्या ठेवायच्या. डबी बी पळंल, मेल बी जाईल, रविवारी पोरगी बी झ्याक दिसंल.

इलाज सोळा आणे बरोबर होता. तो कळायला सर्जेरावाला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती. पण त्याच्या डोक्यात भलताच हिशोब चालू होता. साडेदहाचा फोन कधीपासून विरळ झाला? डबी आल्यापासून. दहाला मेल मिळतोय, मग साडेदहाला विचारायचं काय उरतं? पोरीच्या काळजीत तसूभर खोट नव्हती, उलट जास्तच होती. पण ती काळजी आता परस्पर डबीशी बोलत होती आणि ज्याची काळजी तो माणूस बाजूला चहा घेऊन बसला होता. चार महिने तो रोज तिला ‘मी उठलो’ असं सांगत होता, आणि त्यालाच ते माहीत नव्हतं. त्याला लई एकटं वाटलं, भामाबाई गेली तेव्हा वाटलं होतं त्याहून वाईट, कारण तेव्हा निदान रडता आलं होतं.

राहू दे आज, उद्या बघू, असं म्हणून त्यानं अमरनाथला चहा पाजून वाटेला लावलं. मग वरची चारी कामं पुन्हा चालू केली, जशी तिनं करून ठेवली होती तशी. पाचव्यावर मात्र त्याचा हात अडला. बंद करायचं ते नाव ‘आई’, आणि भिंतीवर भामाबाईचा फोटो. “राग मानू नगं,” तो तिला म्हणाला, आणि त्यानं खूण काढली.

बुधवारी त्यानं दहाला चहा टाकला नाही. सव्वादहाला टाकला. गाळून कपात घेतला आणि फोनशेजारी स्टुलावर बसला. साडेदहा झाले. काही नाही. दहा पस्तीस झाले. मनात म्हणाला, मेल आला न्हाई हे तिनं बघितलंच नसंल, का बघून बी... आणि तेवढ्यात घंटा वाजली. पूर्वीसारखीच, घरभर.

“बाबा!” चैतालीला धाप लागली होती. “बाबा, तुमी ठीक आहात ना? मोबाईल कावून बंद हाय? पडलात का कुठं?”

“मी बरा हाय, माय. मोबाईल चार्जिंगला लावलाय. बस जरा, पाणी पी.”

पण तिला रडू फुटलं होतं. रस्त्यावर होती बहुतेक, मागं गाड्यांचा आवाज येत होता. ती रडतेय हे ऐकून सर्जेरावाला स्वतःची लाज वाटली, फार वाटली. आणि तरी, खोटं कशाला बोला, तो आवाज कानाशी धरून त्याला इतकं बरं वाटत होतं की त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. जरा सावरल्यावर ती सांगायला लागली. तिनं डबीत एक स्क्रिप्ट ठेवली होती, त्याला सांगितलं नव्हतं, ती आज बंद पडली दिसते. आपोआप बंद पडायला नको होती. संध्याकाळी कामावरून आले की इकडूनच आत शिरून बघते, दहा मिनिटांत दुरुस्त होईल.

सर्जेरावानं डोळे मिटले. चौतीस वर्षं.

“नगं माय,” तो म्हणाला. “लाईनलाच फॉल्ट हाय. मी हुडकायलोय. माझं काम हाय ते, तू हात लावू नगं. येळ लागंल. तवर तू आपली फोन करूनच इचारत जा.”

पलीकडून नुसता मागच्या गाड्यांचा आवाज येत होता, त्यावरून लाईन चालू आहे एवढं कळत होतं. इंजिनिअर पोरगी, तिला काय कळलं आणि काय नाही, कुणी सांगावं. मग ती हळू आवाजात म्हणाली, “चहा झाला का, बाबा?”

“घेतोय की,” तो म्हणाला. कपातला चहा कधीच निवला होता.

तीन मिनिटांची अकरा मिनिटं झाली. फोन ठेवल्यावर सर्जेरावानं जुनी डायरी काढली, तारीख घातली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि लिहिलं, ‘फॉल्ट सापडला नाही. शोध चालू.’ खाली सही केली.