मोज्यांच्या कारखान्याचा मागचा दरवाजा

कोर्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे तिला स्टेनोबाईच म्हणत. छत्तीस वर्षं तिने लोकांच्या जबान्या लघुलिपीत उतरवून टाइप केल्या होत्या. त्यामुळे वाचनालयाने परिसरातल्या जुन्या इमारतींवर पुस्तिका काढायचं ठरवलं, तेव्हा मोज्यांचा कारखाना आपसूक तिच्या गळ्यात पडला. तिचीही ना नव्हती. त्या तीन मजली विटांच्या इमारतीसमोरच्या घरात ती लहानाची मोठी झाली होती, अजूनही तिथेच राहत होती, आणि वडील त्या कारखान्यात मुकादम होते. कारखाना कधीचा बंद पडला होता. आता इमारतही पाडायला काढली होती, त्याआधी चार पानं लिहून द्यायची होती.

कारखान्याला आग लागून वरच्या मजल्यावरच्या सात बायका गेल्या, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चौकशीत निघालं ते असं, की मागचा दरवाजा उघडाच होता, पण बायका धुरात बावचळल्या आणि पुढच्या जिन्याकडे धावल्या. गल्लीत पंचावन्न वर्षं हेच सांगितलं जात होतं.

जुन्या दप्तरांच्या कचेरीत चौकशीची फाइल हाती लागली, तेव्हा ती खूश झाली. यंत्रं किती, पाळ्या किती, सगळं वहीत टिपत गेली. बाविसाव्या पानावर मात्र तिचा हात थांबला. ‘मुकादमाची मुलगी, वय नऊ,’ असं वर लिहिलं होतं. खाली जबानी होती: ‘मी रोज खिडकीत अभ्यासाला बसते. कारखान्याचा मागचा दरवाजा मला तिथून दिसतो. तो दिवसभर उघडा असतो. आगीच्या दिवशीही उघडा होता.’

त्यांच्या घराची एकुलती एक खिडकी कारखान्याच्या पुढच्या अंगाला होती. मागचा दरवाजा पलीकडच्या बोळात उघडायचा.

शिकवलेला साक्षीदार तिला पहिल्या वाक्यात कळायचा. तो अडखळत नाही, पाल्हाळ लावत नाही. नऊ वर्षांचं पोर बोलायला लागलं की त्यात मांजर येतं, भांडण येतं, काल काय खाल्लं ते येतं. या चार वाक्यांत काहीच आलेलं नव्हतं. कडक इस्त्रीचा फ्रॉक घालून बाबांचं बोट धरून कुठल्याशा उंच छताच्या कचेरीत गेल्याचं तिला आठवत होतं. तिथे काय बोललो, ते मात्र काही केल्या आठवेना.

तशीच ती दादाकडे गेली. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, वहिनी गेल्यापासून एकटा. आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत लावत बसला होता. तिने जबानी उतरवून आणलेली वही पुढे धरली. त्याने ती वाचलीसुद्धा नाही.

“चावी बाबांच्या खिशात होती,” तो म्हणाला. “बायका मधूनच सटकतात म्हणून मालकाने कुलूप घालायला सांगितलं होतं. बाबांनी घातलं.”

“आणि माझी जबानी?”

“तुला मी शिकवलं. बाबा सुरुवात करायचे आणि त्यांना रडू फुटायचं. मग मीच तीन दिवस घोकून घेतलं. तू चुकलीस की पुन्हा पहिल्यापासून.”

कधी सांगितलं का नाहीस, असं तिने विचारलं. तू विसरून गेली होतीस, तो म्हणाला, घरात एकाला तरी झोप लागत होती. मग त्याने तिची समजूत घालायला घेतली. बाबा गेले, मालक गेला, इमारतही चालली. तू आपली विटांबद्दल लिही, यंत्रांबद्दल लिही, बाकीचं उकरून कुणाचं भलं होणार आहे? बोलता बोलता त्याने बुधवारच्या गोळ्या गुरुवारच्या खणात टाकल्या. तिने त्या निमूटपणे काढून जागच्या जागी ठेवल्या आणि ती निघाली.

त्या सात जणींपैकी एकीची मुलगी शाळेत तिच्याच वर्गात होती. अंगाने काडी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. आता कोपऱ्यावर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दोघींचं जाता-येता ‘कसं काय’ चालायचं, त्यापलीकडे काही नव्हतं. चार दिवस घरात येरझारा घालून एका दुपारी, गिऱ्हाईक नाहीसं बघून, स्टेनोबाई दुकानात शिरली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

टाचणी एका पँटची चेन उसवत होती. ती उसवतच राहिली.

“आजी म्हणायची, दार उघडं असून हिला सुचलं नाही. दोन पोरांचा विचारसुद्धा आला नाही मनात.” तिने ओढून दोरा काढला. “मी आईवर डूख धरला गं. तिचा फोटोसुद्धा कधी लावला नाही.”

स्टेनोबाईने माफी मागायचं घोकून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

“ती फाइल मला बघायचीय,” टाचणी म्हणाली.

सोमवारी दोघी बसने गेल्या. शेजारची जागा रिकामी असून टाचणी पुढे जाऊन बसली. फाइलमधलं जुनं अक्षर तिला लागेना, तेव्हा तिने फाइल स्टेनोबाईकडे सरकवली. स्टेनोबाई हलक्या आवाजात वाचू लागली. आपली जबानीही तिने गाळली नाही. पुढे दहा पानांनंतर आग विझवायला आलेल्या जवानाची जबानी होती. ती तिनेही पहिल्यांदाच वाचली. मागचा दरवाजा कुऱ्हाडीने फोडावा लागला, असं त्याने सांगितलं होतं. दारालगत आत पाच बायका होत्या. त्यांची नावं ओळीने दिली होती. तिसरं नाव टाचणीच्या आईचं होतं.

“पुन्हा वाच,” टाचणी म्हणाली.

स्टेनोबाईने ते तीनदा वाचलं. मग टाचणीने उठून कारकुनाकडून त्या एका पानाची नक्कल मागितली, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

बसथांब्यावर ती म्हणाली, “माझ्या दुकानात येऊ नकोस. तू लहान होतीस, मला कळतंय. तरी येऊ नकोस.”

स्टेनोबाईने मान हलवली.

तिने सगळं लिहिलं. वडिलांच्या खिशातली चावी लिहिली, आपली चार वाक्यं जशीच्या तशी दिली. शिकवलं कोणी, एवढं मात्र तिच्याने लिहवलं नाही. तरीही पुस्तिका निघाली त्या दिवसापासून दादाचा फोन येईनासा झाला. कोपऱ्यावरून जायचं टाळून ती लांबच्या रस्त्याने भाजीला जाऊ लागली. पुढच्या महिन्यात इमारत पाडायला सुरुवात झाली. आधी छप्पर उतरवलं, मग वरचा मजला. धूळ घरात येते म्हणून तिने खिडकी लावून घेतली आणि दिवसाही दिवा लावून बसू लागली.