कवळीतले किडे

हार्डवेअरच्या दुकानामागच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाण्याने भरलेली परात, परातीत ठेवलेल्या विटेवर तापून लाल झालेला लोखंडाचा तुकडा आणि त्याच्यामागे मांडी घालून बसलेले दंतमहाराज.

“सुई नाही, पक्कड नाही, किड्याची आता धडगत नाही!” महाराज गरजले. लोखंडावर त्यांनी चिमूटभर औषध टाकलं, वर नरसाळं उपडं घातलं आणि त्याची नळी समोरच्या माणसाच्या तोंडात दिली. तडतड आवाज झाला, धूर निघाला. महाराजांनी नरसाळं उचललं, तर पाण्यावर पांढरे, वाकडे किडे तरंगत होते! शेडभर “अरे बापरे!” झालं.

त्या गर्दीत ताईला आपला धाकटा भाऊ दिसला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाल टम्म सुजलेला, आणि स्वारी रांगेत दुसरी!

भाऊ सुतार होता. त्याच्या पडलेल्या दाढेच्या जागी नवी दाढ बसवण्यासाठी जबड्याच्या हाडात स्क्रू घालून तीनच दिवस झाले होते. त्या स्क्रूसाठी ताईने महिनाभर जिवाचं रान केलं होतं. त्याची तंबाखू सोडवली, रक्तातली साखर तपासून घेतली, हिरड्या साफ करून घेतल्या. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीतून रजा काढून त्याला थंड, पातळ खाणं मिक्सरमधून काढून दिलं. गोळ्यांच्या वेळा लिहून कागद फ्रिजवर चिकटवला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असेल, मग आपोआप ओसरेल. गोळ्या पुऱ्या करा. हाडाने स्क्रू धरायला तीन-चार महिने लागतात, तोवर जपा.” एवढं सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

“घरी चल,” ती दातओठ खात म्हणाली.

“ताई, सूज बघ ना! आत किडा राहिला असणार.”

“कालच सांगितलं होतं ना, आज सूज वाढेल म्हणून?”

“बाई, ज्ञान बाहेर ठेवून या,” महाराज म्हणाले. लोक हसले. भावाने नळी तोंडात धरलीसुद्धा. सात किडे निघाले.

“सातच्या सात माद्या!” महाराज म्हणाले. “वेळेवर आलास, नाहीतर अख्खा जबडा बाळंत झाला असता. आता त्या डॉक्टरच्या गोळ्या बंद. त्यांनीच किडे पोसलेत.”

ताईने दोन किडे बाटलीत घातले आणि थेट शाळा गाठली. सूक्ष्मदर्शकाखाली ना तोंड दिसलं, ना पोट. एका किड्याला तर बीचं टरफल अजून चिकटलेलं होतं. ते बीमधले अंकुर होते. बी तापून फुटलं, की अंकुर उडून पाण्यात पडत होता.

तिने घरी येऊन सांगितलं, पण ऐकतो कोण? पाचव्या दिवशी सूज उतरली, आणि भाऊ आरशासमोर गाल थोपटत म्हणाला, “बघ! तुझा सूक्ष्मदर्शक खरा की माझा गाल?”

“ती उतरणारच होती रे!”

“तू हरलीस, म्हणून चिडतेस.”

ती गोळ्या हातात घेऊन त्याच्या मागे फिरली, रडली, अबोला धरला. त्याने गोळ्या घेतल्या नाहीत. नवव्या दिवशी पू आला. डॉक्टरीणबाईंनी बोट लावताच स्क्रू हलला. तो काढावाच लागला. “जखम चिघळली, हाडही झिजलंय,” त्या म्हणाल्या. “आधी हाड भरू दे. सहा महिन्यांनी बघू.”

घराच्या दारात आल्यावर भाऊ म्हणाला, “ताई, बाबांची कवळी कुठंय?”

दुसऱ्या दिवशी दोघं शेडमध्ये हजर झाले. भावाने डबी उघडून कवळी पुढे धरली. “महाराज, वडिलांना चालवत नाही. दात तेवढे आणलेत. ठणकतात म्हणे.”

“वेडा की काय? प्लास्टिकला कसले किडे?”

“बघू तर खरं!” ताईने औषधाची पुडी उचलली आणि चिमूट लोखंडावर टाकली. वर नरसाळं घातलं. भावाने नळीच्या टोकाशी कवळी धरली. तडतड झाली. ताईने नरसाळं उचललं.

“सात, आठ, नऊ!” भाऊ ओरडला. “माझ्या खऱ्या जबड्यापेक्षा दोन जास्त!”

शेडभर हशा पिकला. ताईने पुडी पालथी केली, तेव्हा सगळ्यांना साध्या बिया दिसल्या. महाराज “बाहेरची बाधा, बाहेरची बाधा” करत परात तिथेच टाकून मागच्या दाराने पसार झाले.

तरी एक मावशी म्हणालीच, “पण माझी दाढ थांबली होती हो!”

ताईला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. मग ती मावशीशेजारी बसली. “मावशी, ठणका येतो तसा जातोही. मधल्या वेळेत जो भेटतो, तो श्रेय घेऊन जातो. दाढ आतून सडतच राहते. उद्या डॉक्टरांना दाखवा, मी येते सोबत.”

“माझ्याकडे बघा,” भाऊ म्हणाला आणि त्याने तोंड उघडून रिकामी जागा दाखवली. “मला सगळं सांगितलेलं होतं. मी ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका. चमत्कार दिसला, की हात जोडायच्या आधी तो एकदा खऱ्या दाताशिवाय करून बघा.”