आम्ही तुमच्या गाडीला कान देतो

"एक्क्याण्णव," कानसेन म्हणाला. गाडी अजून चढ चढून पंपात शिरायची होती.

शिरली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी काच खाली केली. "आज पंच्याण्णव ऑक्टेनचं घाला हो. गाडीला सात वर्षं पूर्ण झाली."

"मग तिला पुसून घ्या."

"अहो, एक दिवस तरी!"

"डॉक्टर, पंच्याण्णव म्हणजे टॉनिक नव्हे." कानसेनने एक्क्याण्णवची नळी उचलली. "इंजिन पेट्रोलला दाबतं. साधं, एक्क्याण्णवचं पेट्रोल फार दाबलं की ठिणगी पडायच्या आधीच भडकतं. पंच्याण्णव दाब सोसतं, ठिणगी पडेपर्यंत गप्प बसतं. फरक एवढाच. तुमच्या गाडीत तेवढा दाबच नाही. नुसतं गप्प बसायला जास्त पैसे कशाला मोजता?"

डॉक्टरांनी हे भाषण दर पंधरवड्याला ऐकलं होतं. तरी दर पंधरवड्याला ते पंच्याण्णव मागत. त्यांच्या स्वतःच्या पेशंटांपैकी कुणीही त्यांचं ऐकत नसल्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं.

कानसेनला हे नाव पंपानेच दिलं होतं. पंप चढाच्या माथ्यावर होता. चढ लांब नव्हता, पण फसवा होता, आणि बहुतेक ड्रायव्हर आळशी असतात. ते गिअर न बदलता, इंजिनाला रेटत वर यायचे. असं रेटलं आणि पोटातलं पेट्रोल त्या इंजिनाला झेपणारं नसलं, की आतून एक बारीक आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात चार वाटाणे टाकून हलवावेत तसा. पंपावर त्याला 'वाटाणे'च म्हणत. वाटाणे वाजले तर पंच्याण्णव, नाही वाजले तर एक्क्याण्णव. कानसेन सव्वीस वर्षं दोन नंबरच्या मशीनपाशी उभा राहून चढाकडे कान लावत आला होता. सव्वीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाइकाला 'कुठलं भरू?' असं विचारलं नव्हतं. सुरुवातीला लोक चिडले, मग पैजा लावू लागले, मग त्यांना सवय झाली.

आता अडचण एवढीच होती की वाटाणे ऐकू येईनासे झाले होते.

दोन-तीन वर्षांत ते कमी कमी होत गेले, आणि गेल्या सहा महिन्यांत तर एकही नाही. म्हणून तो सरसकट सगळ्यांना एक्क्याण्णव सांगत राहिला. शेवटी एका लांबलचक काळ्या गाडीच्या मालकाने त्याला टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर दाखवला. 'किमान ९५.' कानसेनने त्या झाकणाच्या आत सव्वीस वर्षांत कधी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून तो वाचू लागला. आधी झाकण उघडायचं, फडक्याने पुसल्यासारखं करायचं, चोरून आकडा बघायचा, मग डोळे मिटून, मान तिरकी करून, "हं... पंच्याण्णव" म्हणायचं. नेहमीच्या गाड्यांचे आकडे पाठ करून टाकायचे. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला निदान पास व्हायचं तरी असतं. ह्याला पास होऊन सव्वीस वर्षं झाली होती.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. आणि नेमक्या ह्याच वेळी सूनबाईंना बोर्डाची कल्पना सुचली.

सूनबाई म्हणजे पंपाच्या मालकांची सून. मालक थकल्यापासून पंप त्याच सांभाळत. पंपावरचा प्रत्येक जण, अगदी टँकरवालासुद्धा, त्यांना सूनबाई म्हणायचा. खाली वळणावर नवा पंप झाला होता आणि तिथे प्रत्येक गाडीची काच फुकट पुसून देत. सूनबाईंनी चार दिवस विचार केला, एक फोटोग्राफर बोलावला आणि कानसेनच्या डाव्या कानाचा फोटो काढून घेतला.

"सहा फुटी कान," त्या म्हणाल्या. "आणि खाली लिहायचं, 'आम्ही तुमच्या गाडीला कान देतो.' शुक्रवारी लागतोय."

"सहा फुटी?"

"चार फुटी केला असता, पण त्यात तो भज्यासारखा दि— जाऊ दे. गुरुवारी तुम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. तपासणी करून सर्टिफिकेट आणायचं. ते फ्रेम करून बोर्डाच्या खाली लावू."

"आणि तपासणीत काही निघालं तर?"

"तुमच्या कानात?" सूनबाई हसल्या. "काही निघालंच, तर आत काउंटरला बसा. वायपर आणि चॉकलेटं विका. तिथे काही ऐकू आलं नाही तरी चालतं. उलट बरंच."

त्या चेष्टेत बोलल्या. पण कानसेनला ते काउंटर दिसलं. काचेच्या मागे, पंख्याखाली, चढाकडे पाठ.

घरी त्याने बायकोला विचारलं, "मला हल्ली कमी ऐकू येतं का गं?"

बायको शिलाई मशीनवर बाह्या लावत होती. "मला कसं कळणार? 'साखर संपली' हे तुम्हाला लग्नापासूनच ऐकू येत नाही."

"चेष्टा नको करूस."

"बरं. मग जाऊन सांगा सूनबाईंना."

"काय सांगू? सहा फुटी कान छापायला गेलाय."

बायकोने दोरा दाताने तोडला. "तुम्ही म्हणजे अगदी पंच्याण्णव आहात. कितीही दाबलं तरी भडकत नाही. अहो, कधीतरी वेळेआधी बोलून टाकावं माणसाने."

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास एक करडी गाडी चढावर दिसली.

कानसेन नेहमीच्या जागी उभा होता. वारा पडला होता, रस्ता रिकामा होता, ऐकायला ह्याहून चांगली वेळ नव्हती. त्याने मान तिरकी केली. गाडी चढाच्या मध्यावर आली. काही नाही. तीन चतुर्थांश चढली. काही नाही. वाटाणे सोडाच, इंजिनच ऐकू येईना. गाडी पंपात वळली, टायरखाली खडे करकरले आणि ती त्याच्यासमोर येऊन थांबली. पूर्ण शांततेत.

कानसेनने कानात करंगळी फिरवली. खडे ऐकू आले होते. डोक्यावरचा कावळा ऐकू येत होता. म्हणजे रोग निवडक होता. बाकी सगळं ठेवून त्याने नेमकी इंजिनं तेवढी नेली होती.

ड्रायव्हर फोनवर होता. त्याने काचेआडून मागच्या चाकाकडे बोट दाखवलं आणि बोलत राहिला. कानसेनला ते बोट टाकीकडे वाटलं. तोंडातून सवयीने "एक्क्याण्णव" निघून गेलं. मग तो तसाच उभा राहिला. झाकण पुसायला हात पुढे होईना. त्याने नळी जागेवर अडकवली, टोपी काढली आणि सरळ सूनबाईंच्या केबिनमध्ये गेला.

"माझे कान गेले," तो म्हणाला.

सूनबाईंनी मान वर केली. "कुठे?"

"गेले म्हणजे गेले. आत्ता एक अख्खी गाडी समोर येऊन थांबली, मला इंजिन ऐकू आलं नाही. वाटाणे तर सहा महिन्यांपासून बंद आहेत. मी झाकणावर वाचून सांगतो. आधी वाचतो, मग डोळे मिटतो. तो बोर्ड लावू नका. मला आत बसवा."

सूनबाईंनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात दार ढकलून हवावाली मावशी आत आली. टायरमध्ये हवा भरण्याचं मशीन तिच्याकडे होतं आणि त्या मशीनसारखीच तीही बोलायला लागली की थांबायला वेळ घ्यायची.

"सूनबाई, बाहेर तो फोनवाला विचारतोय, मागच्या चाकात हवा मिळेल का. म्हटलं मिळेल. आणि म्हणतो, तुमचा माणूस मला 'एक्क्याण्णव' म्हणाला आणि टोपी काढून निघून गेला, काय झालं? अहो, विजेवरची गाडी ती! खालून बघितली मी, धुराची नळीसुद्धा नाही तिला!"

सूनबाई कानसेनकडे वळल्या.

"कुठली गाडी ऐकू आली नाही म्हणालात?" सूनबाईंनी विचारलं.

"करडी."

"तीच हो ती," मावशी म्हणाली.

विजेच्या गाड्या असतात हे कानसेनला माहीत होतं. पेपरात फोटो पाहिला होता. पण पेट्रोल पंपावर ती कशाला येईल? खाटकाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला शाकाहारी माणसं फोटोतच भेटायची.

सूनबाई टेबलाला धरून हसल्या. डोळे पुसले. पुन्हा हसल्या. मावशी हवा भरायला निघून गेली आणि काचेतून तीही हसताना दिसत होती. मग सूनबाई एकदम थांबल्या.

"पण ते झाकणाचं काय म्हणालात मघाशी?"

कानसेनने टोपी हातात फिरवली. "ते खरं आहे."

"सहा महिने?"

"सहा महिने."

सूनबाईंनी समोरची वही मिटली. "उद्या जाऊन या," त्या म्हणाल्या. "काय ते कळू दे."

गुरुवारी कानाच्या डॉक्टरांनी त्याला कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले, हातात बटण दिलं. शिटी ऐकू आली की दाबायचं. कानसेनने डोळे मिटले आणि मान तिरकी केली. वीस मिनिटांनी दार उघडून डॉक्टर आत आले.

"मी काही वाजवलं नाही तरी तुम्ही दाबताय."

"वाजलं."

"काय वाजलं?"

"मागच्या भिंतीपलीकडे पंखा आहे. त्याच्या बेअरिंगमध्ये तेल नाही. तीन फेऱ्यांमागे एकदा वाजतो."

डॉक्टर बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. मग त्यांनी सगळी तपासणी पुन्हा केली, ह्या वेळी स्वतःच्या समाधानासाठी.

"तिशीतल्या माणसाचे असतात असे कान," कागदावर सही करत ते म्हणाले. "तुम्हाला नक्की काय ऐकू येत नाही?"

"गाड्या."

"मग गाड्याच बोलत नसतील."

डॉक्टरांनी ते सहज म्हटलं. पण कानसेन घरी न जाता मेकॅनिककडे गेला. हा मेकॅनिक त्याचा जुना दोस्त. पूर्वी कानसेन वाटाणे ऐकून गाडी त्याच्याकडे पाठवायचा आणि हा पान्हा फिरवून ते बंद करायचा.

"वाटाणे का वाजत नाहीत रे हल्ली?"

मेकॅनिक गाडीखालून सरपटत बाहेर आला. "त्याला झाली की किती वर्षं! जुन्या गाड्या संपत आल्या. नव्यांत कान असतो."

"कसला कान?"

मेकॅनिकने एका डब्यात हात घालून बाटलीच्या बुचाएवढी एक काळी चकती काढली. मधे भोक. "हा. इंजिनाच्या अंगाला बोल्टने घट्ट बसवलेला असतो. वाटाणे वाजायला लागले रे लागले, की आतल्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि तो ठिणगी जरा उशिरा पाडतो. वाटाणे तिथल्या तिथे बंद. साधं पेट्रोल घातलं तर गाडी थोडी मंद चालते, थोडं जास्त पिते. पण बोलत नाही."

"उशिरा म्हणजे किती?"

"तुला कळणारही नाही इतकं."

हे कानसेनला लागलं. "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"मला वाटलं," मेकॅनिक म्हणाला, "तुला सगळ्यात आधी कळलं असणार."

तो कान निकामी झालेला होता. मेकॅनिकने तो त्याला देऊन टाकला. घरी कानसेनने सर्टिफिकेट आणि ती चकती, दोन्ही मशीनवर ठेवली. बायकोने सर्टिफिकेट वाचलं, चकती उलटसुलट करून पाहिली.

"हे काय?"

"माझ्या जागेवर लागलाय तो."

बायकोने ती तळहातावर तोलली. "साखर संपली," ती हळूच म्हणाली.

"आणतो," कानसेन म्हणाला आणि पिशवी घेऊन उठला. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

शुक्रवारी सकाळी बोर्ड लागला. कान सहा फूट उंच होता आणि त्याच्या पाळीवरचा तीळ चढाच्या पायथ्यापासून दिसत होता. खाली फ्रेममध्ये सर्टिफिकेट.

"कान खरे आहेत सूनबाई," कानसेन म्हणाला. "पण गाड्या बोलत नाहीत आता. लोकांना फसवल्यासारखं होईल."

"बोर्डावर काय लिहिलंय? कान देतो. देता ना?"

"देतो."

"ऐकू येतं असं कुठे लिहिलंय?" त्या शिडी धरून उभ्या असलेल्या पेंटरला म्हणाल्या, "डावीकडे जरा वर घ्या." मग कानसेनकडे न बघता म्हणाल्या, "काउंटरला मावशीची पुतणी लावतेय. तुम्ही दोन नंबरला."

नऊ वाजता दातांचे डॉक्टर आले. खरं तर त्यांचा पंधरवडा झाला नव्हता, पण त्यांनी खालून कान पाहिला होता. गाडी चढावर रेटत आली. कानसेनने मान तिरकी केली. इंजिन ऐकू आलं, त्याचा पट्टा ऐकू आला, आत चालू असलेल्या बातम्या ऐकू आल्या. गाडी थांबली. डॉक्टरांनी काच खाली केली आणि वाट पाहिली.

कानसेनने खिशातली चकती बोटांनी चाचपली.

"कुठलं भरू, डॉक्टर?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "का हो? काही वाईट ऐकू आलं का?"

"नाही, नाही. छान आहे गाडी."

"मग तुम्ही सांगा ना. तुम्हीच सांगता."

"तुमची गाडी आहे. झाकणावर लिहिलेलं असतं. तुम्ही म्हणाल ते."

एवढ्या वर्षांत डॉक्टरांना पहिल्यांदाच हवं ते मागायची मुभा मिळाली होती. त्यांनी वर त्या सहा फुटी कानाकडे पाहिलं, मग त्याखालच्या माणसाकडे.

"एक्क्याण्णव," ते म्हणाले. "दाबच नाही तिच्यात. नुसतं गप्प बसायला जास्त पैसे कशाला मोजायचे?"

कानसेनने झाकण उघडलं. फडक्याने पुसलं नाही. टाकी भरली, झाकण दोन बोटांनी घट्ट फिरवलं, आणि टपावर थाप मारली.

गाडी वळली. टायरखाली खडे करकरले. मोठे किती, बारीक किती, हेसुद्धा त्याला सांगता आलं असतं.