अधांतरी जिना

तिच्या चित्रांत डोंगराच्या पोटातून कमानी निघत, ढगांना गच्च्या असत, तळ्याच्या तळाशी अख्खी गावं उलटी उभी असत. लोक वाहवा करत. बाबा मात्र चष्मा कपाळावर चढवून विचारत, "या गच्चीचं पाणी जाणार कुठून?" जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस! त्याला स्वप्नातल्या घरालाही उतार हवा. ती चिडायची, तणतणायची आणि मग गुपचूप पन्हळ रंगवून टाकायची. कौतुक म्हणाल तर बाबांनी एकदाही केलं नाही.

हल्ली मात्र ते गप्प गप्प असत. नवी चित्रं नुसती बघत आणि मान डोलवत.

"वय झालं, मवाळ झालेत," धाकटा भाऊ म्हणाला. "तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

मवाळ? आणि बाबा? तिला काही ते पटेना. ब्रश ठेवी, पुन्हा उचली, खिडकीशी जाई, परत येई. ताटलीतले रंग वाळून चालले, पण कामात जीव म्हणून रमेना. बाबांचं डोकं शाबूत आहे की नाही, एवढंच तिला एकदा कळायला हवं होतं.

शेवटी तिने एक आगाऊपणा केला. होत आलेल्या चित्रातल्या मनोऱ्याचे खालचे खांब खरवडून काढले. वरचे मजले आता कशावरच टेकलेले नव्हते. जिनाही दाराच्या बराच अलीकडे तोडला. बाबांच्या हाताखालच्या कुणी असं काही काढलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

ओलं चित्र तसंच उचलून तिने बाबांच्या पुढ्यात उभं केलं. भाऊ तिथेच बसला होता.

"बाबा, काही चुकलंय का बघा."

बाबांनी चष्मा नीट बसवला. त्यांचं बोट हवेतच जिन्याच्या पायऱ्या चढू लागलं. जिना तुटला तिथे थांबलं. काढा ना माझी खरडपट्टी, ती मनात विनवत होती. आता तरी काढा.

बोट तसंच पुढे सरकलं आणि दारापाशी पोचलं.

"छान आहे," बाबा म्हणाले. "फार छान काढलंयस."

"बघ, शेवटी केलं की नाही कौतुक?" भाऊ हसला.

ती मटकन खाली बसली आणि बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली.